मढं म्हणू नका त्या पोरीला

गेल्या महिन्यात धाकटा लेक पेनसिल्व्हेनियाहून आला, तो माझ्यासाठी एक डबी घेऊन. तळहातावर मावेल एवढी, काळपट तपकिरी, पितळी कडीची. उघडली की एका बाजूला विटलेली लाल मखमल आणि दुसऱ्या बाजूला पितळी चौकटीत, काचेखाली, एक कुटुंब. वडील, आई आणि मध्ये पाच-सहा वर्षांची मुलगी. तिकडच्या एका जुन्यापान्या वस्तूंच्या दुकानात त्याला ती मिळाली. आत दुकानदाराची इंग्रजी चिठ्ठी होती. तिचा अर्थ असा, की मधली मुलगी मेलेली आहे.

झालं! वन्संनी चिठ्ठी वाचली आणि "मढ्याचा फोटो घरात नको, आजच्या आज काढ" म्हणून बसल्या. संध्याकाळी त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्डही आला. त्या काळी म्हणे प्रेतांना लोखंडी स्टँडला बांधून उभं करत आणि फोटो काढत. खाली भाच्याचे आणि दोन सुनांचे रडके चेहरे. लेकही म्हणाला, "आई, तुला नको असेल तर विकून टाकू."

मंडळी, मी चाळीस वर्षं मराठी शिकवलं, विज्ञान नाही. पण भिंग घेऊन बघायला विज्ञानाची पदवी लागत नाही.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. हा डॅगेरोटाइप. 1839 साली पॅरिसमध्ये डॅगेरने ही रीत जाहीर केली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, त्यावर आयोडिनची वाफ, मग कॅमेऱ्यात उजेड, मग पाऱ्याची वाफ. पत्रा आरशासारखा. जरा तिरका धरला की चित्र दिसतं, सरळ धरला की आपलंच तोंड! चित्रही आरशातल्यासारखंच, डावं-उजवं उलटं. म्हणून वडिलांच्या कोटाची बटणं बायकांसारखी दिसतात. डबीला चिठ्ठीत 'गटापर्चा' म्हटलंय, तेही चूक. ही लाख आणि लाकडाचा भुसा यांची साच्यात दाबलेली डबी. सॅम्युअल पेक नावाच्या अमेरिकन माणसाने 1854 साली तिचं पेटंट घेतलं. अशी लाख तेव्हा मुख्यतः हिंदुस्थानातून जायची. म्हणजे डबीचा काही अंश आमच्याकडचाच म्हणायचा. असो.

आता मुलीकडे या. 'डोळे पांढरे, म्हणून मेलेली' असा दावा. अहो, त्या पत्र्याला निळा रंग फार लवकर दिसतो आणि लाल जवळजवळ दिसतच नाही. निळ्या डोळ्यांचं माणूस त्यात पांढऱ्या डोळ्यांचंच उमटणार. त्या मापाने तिची आईही मेलेलीच धरायला हवी, तिचेही डोळे तसेच आहेत. 'गालांना रंग लावून जिवंत दाखवलंय' म्हणावं, तर गुलाबी रंग तिघांच्याही गालांवर आहे आणि आईच्या ब्रोचवर सोनेरी ठिपका. हाताने रंग भरणं तेव्हा सर्रास चालायचं.

आणि तो स्टँड! तो होता खरा, पण जिवंत माणसांसाठी. फोटोला काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही लागायचा. तेवढ्यात मान हलू नये म्हणून मागून डोक्याला आधार द्यायचा चिमटा तो. त्याने प्रेत उभं राहत नाही. मामंजी गेले तेव्हा त्यांना नुसतं कुशीवर वळवायला तिघे लागले होते. वन्सं, तुम्ही तिथेच होतात.

मेलेल्यांचे फोटो काढतच नसत असं मी म्हणत नाही. काढत. मुलं पटापट जायची आणि कित्येकांचा तोच पहिला नि शेवटचा फोटो. पण ते बहुधा निजलेल्यासारखे, बिछान्यावर किंवा आईच्या मांडीवर. त्या आयांचं दुःख खरं होतं, म्हणून तर मला या चिठ्ठीचा राग येतो. 'मेलेली' लिहिलं की वस्तू महाग विकते, एवढंच यातलं इंगित. दुसऱ्याच्या लेकीला दुकानात उभी मारायची आणि वर पैसे घ्यायचे! आणि आपण शिकलेसवरलेले लोक ते पुढे ढकलतो.

आमच्या घरी 1958 चा एक फोटो आहे. मी आठ वर्षांची, आत्याचा पदर मुठीत धरून, डोळे वटारलेले, ओठ घट्ट. स्टुडिओवाला "हलू नका" म्हणून ओरडला होता आणि मला शिंक आली होती. सगळ्यांचे चेहरे असे की कुणी गेल्याची तार आली असावी. उद्या तो फोटो कुणी विकत घेतला, तर मला कुठल्या चिठ्ठीत मारतील?

मुख्य गोष्ट राहिलीच. आईवडील रेखीव आले आहेत. त्या मुलीचा डावा हात मात्र मनगटाखाली पुसट आहे, धुरासारखा. तिने तो हलवला. झग्याची लेस चिवडत असेल, नाहीतर तिलाही काही खाजलं असेल.

डबी माझ्या टेबलावरच आहे, चिठ्ठी फाडून टाकली. वन्सं दिवाळीला येणार आहेत. भिंग पुसून ठेवलंय.