सरळ रस्ता आणि वळण

अकोल्याच्या एका वाचक भगिनींनीं आम्हांस पत्रानें विचारिलें आहे कीं, त्यांच्या चिरंजीवास शर्यतीच्या धाटणीची मोटारसायकल हवी आहे. ती मोटारीपेक्षां वेगानें धांवते आणि वांकून वळते म्हणून वळणावरहि सरस, असें तो म्हणतो. यांत खरें किती? प्रश्न यंत्रशास्त्राचा असला तरी त्याच्या तळाशीं आईची काळजी आहे. म्हणून तो याच अंकीं घेत आहों.

चिरंजीवांचें पहिलें म्हणणें बव्हंशीं खरें आहे. हजार घनसेंटिमीटर इंजिनाच्या अशा गाडीचें वजन सुमारें २०० किलो आणि बळ सुमारें २०० अश्वशक्ति. म्हणजे एकेका घोड्यास ओझें किलोभराचें. स्वार धरूनहि तें दीड किलोच्या आंत राहतें. उलट ५०० अश्वशक्तीच्या व १५०० किलो वजनाच्या मोटारींत तेंच ओझें तीन किलो पडतें. म्हणून तासाला १०० किलोमीटरचा वेग ही गाडी तीन-सव्वातीन सेकंदांत गांठते. पुढें अतिशय मोठ्या वेगाला स्वाराचें शरीर वाऱ्यास अडतें आणि गुळगुळीत अंगाची मोटार तिला गांठूं शकते. पण तो वेग आपल्या रस्त्यांवर कोणाच्याच कामाचा नाहीं.

दुसरें म्हणणें मात्र साफ चुकीचें आहे. वांकणें ही द्विचक्रीची बढाई नव्हे, गरज आहे. न वांकेल तर ती वळणारच नाहीं. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर तासाला ६० किलोमीटर वेगानें जातांना तिला सुमारें ३० अंश वांकावें लागतें, ८० ला ४५ अंश. वेग एकतृतीयांशानें वाढला, पण टायरांकडे मागितलेली पकड जवळजवळ पावणेदोनपट झाली, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगले टायर ४५ अंश सोसतात. मुरूम पसरला असेल तर निम्मेहि नाहीं. शिवाय पकड ही एकच थैली आहे: वळण्यांत खर्चिली ती ब्रेकासाठीं उरत नाहीं. मोटार घसरली तरी बहुधा चारी चाकांवर उभी असते. फटफटीचें पुढचें चाक निसटलें कीं स्वार जमिनीवर.

ग्रेटर नोइडाच्या बुद्ध सर्किटावर २०१३ सालीं फॉर्म्युला वनच्या सर्वांत वेगवान मोटारीनें एक फेरा सुमारें १ मिनिट २४ सेकंदांत पुरा केला. २०२३ सालीं तेथेंच, किंचित् बदललेल्या मार्गावर, मोटोजीपीच्या सर्वांत वेगवान स्वारास सुमारें १ मिनिट ४४ सेकंद लागले. सरळ पट्ट्यावर दोन्हीं वाहनें ३०० च्या पुढें जातात; वीस सेकंदांचा फरक पडतो तो वळणांत आणि वळणापूर्वींच्या ब्रेकांत. शर्यतीच्या मोटारीस पंखांवरची हवा जमिनीवर दाबून धरते. घरगुती मोटारीस तें भाग्य नसतें, म्हणून तेथें हें अंतर पुष्कळच कमी पडेल.

आतां वऱ्हाडाकडे वळूं. २०२२ च्या जूनमध्यें अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरांची एकेरी डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग घालून गिनीज विक्रम झाला. अशा प्रशस्त रस्त्यावर तासभर १०० च्या वेगानें गेलेल्या डोळ्यांस ६० म्हणजे चालणेंच वाटूं लागतें. तेच डोळे घेऊन पोरें परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतात, आणि आमच्या चिंतेचें कारण तें आहे. (मराठींत रस्त्याला, अक्षराला आणि मुलाला एकच वळण, जन्मभर फळ्यापुढें उभे राहिल्यानें आम्हांस त्याचें नवल वाटत नाहीं.) समृद्धि महामार्गाचें आमिष चिरंजीव दाखवीत असतील तर तेथें दुचाकींस प्रवेशच नाहीं.

गाडी द्यावयाचीच असेल तर २०० घनसेंटिमीटरांच्या आंतील द्यावी, आणि पहिला पावसाळाभर घाट वर्ज्य करावा. वेग उतरवावयाचा तो वळणाच्या आधीं, गाडी उभी असतांना. वळणाच्या मध्यावर नव्हे. हें त्यास साधलें कीं नाहीं याची परीक्षा आईनेंच मागच्या बैठकीवर बसून घ्यावी.