चीनचा दाखला देता? मग पूर्ण द्या!

२७ फेब्रुवारी आला की सभागृहांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. "चीनकडे बघा, इंग्रजीशिवाय महासत्ता झाला!" टाळ्या पडतात. वक्त्याची नातवंडे कोणत्या शाळेत जातात, हे त्या दिवशी विचारायचे नसते. आम्ही विचारतो, म्हणून आम्ही मराठीद्रोही ठरतो. ठरू द्या. पण आज नातवंडांचा विषय बाजूला ठेवू आणि ज्या चीनचा दाखला दिला जातो त्या चीनविषयीच बोलू. कारण दाखला देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी चिनी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याचे एक साधे वेळापत्रकही पाहिलेले नाही.

जून आणि डिसेंबर, वर्षातून दोनदा, चीनमधल्या महाविद्यालयांत एक परीक्षा होते. तिचे नाव कॉलेज इंग्लिश टेस्ट, म्हणजे सीईटी. (आपल्याकडच्या प्रवेशाच्या सीईटीशी गल्लत नको.) तिची चौथी श्रेणी १९८७ मध्ये सुरू झाली, सहावी श्रेणी १९८९ मध्ये. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी असो, शेतकी महाविद्यालयातला असो की चिनी साहित्य शिकणारा असो, इंग्रजी हा त्याचा मुख्य विषय नसतानाही तो या परीक्षेला बसतो. प्रत्येक फेरीला लाखो मुले बसतात. त्याआधी बारावीनंतरच्या गाओकाओ या प्रवेश परीक्षेत बहुतेक प्रांतांत ७५० पैकी १५० गुण परकीय भाषेचे असतात, आणि ती भाषा बहुतेकांसाठी इंग्रजीच असते. म्हणजे गणिताला जेवढे गुण, चिनी भाषेला जेवढे गुण, तेवढेच इंग्रजीला. २००१ पासून धोरण असे आहे की प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी शिकवावी. हा तो "इंग्रजीशिवायचा" चीन!

आता चौथी श्रेणी म्हणजे काय ते नीट पाहू, कारण आमच्या तरुणांना यात घेण्यासारखे पुष्कळ आहे. एकूण गुण ७१०. वेळ सव्वादोन तासांच्या आत-बाहेर. आधी निबंध, मग ऐकणे, मग वाचन, शेवटी भाषांतर. ऐकण्याला ३५ टक्के, वाचनाला ३५ टक्के, निबंध आणि भाषांतराला प्रत्येकी १५ टक्के. ऐकण्याच्या भागात बातम्या, लांब संभाषणे आणि उतारे असतात, आणि प्रत्येक गोष्ट एकदाच ऐकवली जाते. कानावर हेडफोन लावून बसलेल्या मुलाचे एका क्षणी लक्ष चुकले तर तो प्रश्न गेला. पुढे सहाव्या श्रेणीला बसायचे तर चौथीत ४२५ गुण लागतात.

चिनी मुलगा या परीक्षेची तयारी करतो तेव्हा त्याची स्वतःची भाषा त्याला पावलोपावली अडवते. चिनी भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. काल जातो, आज जातो, उद्या जातो, शब्द तोच. म्हणून त्याच्या तोंडून "यस्टरडे आय गो" निघते. नामाचे अनेकवचन नाही, म्हणून "थ्री बुक". "तो" आणि "ती" दोघांचाही उच्चार "ता", म्हणून इंग्रजीत बोलताना चांगली शिकलेली मुलगीसुद्धा स्वतःच्या आईला मध्येच "ही" म्हणून जाते. "अ" आणि "द" ही उपपदे चिनीत नाहीतच, कुठे लावायची आणि कुठे नाही हे त्याला शेवटपर्यंत त्रास देते. चिनी शब्दांचा शेवट स्वराने किंवा न, ङ अशा अनुनासिकाने होतो, त्यामुळे "वर्ल्ड", "मंथ्स", "आस्क्ड" या शब्दांचे शेपूट त्याला उच्चारायलाही जड आणि ऐकू यायलाही जड. सिचुआन आणि हुनानच्या अनेक भागांत तर ल आणि न यांत फरकच करत नाहीत. तिथल्या मुलाला "लाइट" आणि "नाइट" वेगळे करायला आधी स्वतःचा कान नव्याने घडवावा लागतो.

ल-न वाचून तुम्हाला काही आठवले का? आमच्या मुलांच्या "न" आणि "ण" वरून पुण्या-मुंबईत किती हशा पिकवला गेला आहे? "पानी", "आनि", "कोन" म्हणाला की समोरच्याने लगेच त्याचे गाव, वस्ती आणि जात ओळखायची. जिभेचे वळण ही भाषाशास्त्राची गोष्ट आहे. तिला लायकीची गोष्ट आमच्या समाजव्यवस्थेने बनवले. वर्गात एकदा हसले गेलेले पोर पुन्हा हात वर करत नाही, ना मराठीच्या तासाला, ना इंग्रजीच्या.

आमच्या अभ्यासगटातल्या मुलांना आम्ही चिनी विद्यार्थ्याच्या चुका फळ्यावर लिहून दाखवतो, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटते. कारण त्यातल्या निम्म्या चुका त्यांच्या स्वतःच्या वहीत असतात. "ऑल्दो" ने वाक्य सुरू करून पुढे "बट" लावणे ही चिनी मुलांची ठरलेली चूक, कारण त्यांच्या भाषेत ती जोडी लागतेच. मराठीत तरी वेगळे काय? "जरी पाऊस होता, तरी आम्ही गेलो." आम्हीही "ऑल्दो" मागोमाग "बट" लिहितो. उपपदे आमच्याकडेही नाहीत. "एक हात, दोन हात" म्हणताना आमचेही नाम बदलत नाही. काळाच्या बाबतीत मात्र आम्ही नशीबवान आहोत, आमचे क्रियापद काळ दाखवते, लिंगही दाखवते. उलट चिनी वाक्यात क्रियापद इंग्रजीसारखे मध्ये येते, आमचे शेवटी. कोणाचे ओझे कुठे, एवढाच फरक. इंग्रजी येत नाही म्हणून ज्या मुलाला आपण "ढ" आहोत असे वाटते, त्याने हे ध्यानात घ्यावे की त्याची चूक त्याच्या बुद्धीतून येत नाही, त्याच्या भाषेच्या व्याकरणातून येते, आणि व्याकरण शिकता येते.

ते कसे शिकतात? सकाळी मैदानात किंवा जिन्यात उभे राहून मोठ्याने वाचतात. मागच्या वर्षांच्या खऱ्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवतात. शब्दांची पुस्तके पाठ करतात, ज्यांतल्या अनेकांचा पहिला शब्द वर्णानुक्रमाने "अबँडन", म्हणजे सोडून देणे! पुस्तक उघडल्याउघडल्या सोडून द्या असा सल्ला, हा तिथल्या मुलांचा जुना विनोद आहे. इंग्लिश कॉर्नर नावाने बागेत, विद्यापीठाच्या आवारात जमून अनोळखी माणसांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतात. जॅक मा यांनी हांगझोऊच्या हॉटेलांत परदेशी पर्यटकांना फुकट शहर दाखवत इंग्रजी मिळवली आणि पुढे ती महाविद्यालयात शिकवलीही. यू मिनहोंग हे जिआंगसू प्रांतातल्या शेतकऱ्याचे पोर. दोनदा प्रवेश परीक्षेत नापास झाले, तिसऱ्यांदा, १९८० मध्ये, पेकिंग विद्यापीठात इंग्रजी शिकायला पोचले. १९९३ मध्ये त्यांनी काढलेल्या न्यू ओरिएंटल या शिकवणीसंस्थेतून तिथल्या लाखो मुलांनी परदेशी परीक्षांची तयारी केली. (त्यातून ते अब्जाधीश झाले, हेही सांगून टाकू. इंग्रजी विकणे हा धंदा तिकडेही जोरात चालला.)

आम्ही चीनची आरती करायला बसलेलो नाही. या परीक्षेचे दोष चिनी लोकच सांगतात. वर्षानुवर्षे खुणा करून पास झालेली आणि तोंडातून एक वाक्य न निघणारी जी इंग्रजी, तिला त्यांनी नावच दिले आहे "मुकी इंग्रजी". पूर्वी अनेक महाविद्यालयांनी चौथी श्रेणी पदवीला जोडली होती. ती पास नाही तर पदवी नाही, म्हणून कॉपी, तोतये, पेपरफुटी सगळे झाले. २००५ च्या सुधारणेत पास-नापासचे प्रमाणपत्र काढून नुसते गुणपत्रक द्यायला सुरुवात झाली. खेड्यातल्या शाळेत इंग्रजीचा धड शिक्षक नाही आणि शांघायच्या मुलाला बालवाडीपासून परदेशी शिक्षक, ही दरी तिथेही आहे. तिबेटी किंवा उइगुर मुलाची तर चिनी हीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी, आणि प्रश्न समजावणारा शिक्षक चिनीतच बोलणार.

आणि इथेच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. २०२१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेच्या एका सदस्याने सुचवले की इंग्रजीला मुख्य विषयांतून काढा, वेळ वाया जातो, फार थोड्यांना पुढे ती उपयोगी पडते. ऐकायला देशभक्तीचे वाटते ना? त्यावर विरोधकांनी जे उत्तर दिले ते आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे. शाळेतून इंग्रजी गेली तर श्रीमंत शहरी मुले पैसे मोजून ती शिकतीलच, जाईल ती फक्त गरिबाच्या आणि खेड्यातल्या मुलाच्या हातून. शिक्षण मंत्रालयाने ती सूचना मानली नाही, इंग्रजी मुख्य विषय राहिली.

आता आमच्या व्यासपीठवाल्यांकडे वळू. चीनमध्ये भौतिकशास्त्र, वैद्यक, अभियांत्रिकी चिनीत शिकवतात, हे खरे आहे. त्यासाठी राज्याने परिभाषा घडवली, पुस्तके छापली, रोजगार त्या भाषेत दिला. ज्ञान स्वभाषेत आणि शिवाय प्रत्येक पदवीधराला इंग्रजी, अशी ती दुहेरी व्यवस्था आहे. तुम्ही आम्हाला यातले काय देता? मराठीत अभियांत्रिकीची पुस्तके द्यायला तुम्हाला पाऊण शतक पुरले नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा पटसंख्येचे कारण सांगून बंद करायच्या, तिथली इंग्रजी एकाच शिक्षकावर चार विषयांसोबत टाकायची, आणि वर मातृभाषेचे प्रेम आम्हालाच शिकवायचे! चीनच्या दाखल्यातला "स्वभाषा" हा अर्धा भाग आमच्यासाठी, आणि "इंग्रजी" हा अर्धा तुमच्या घरासाठी. ही वाटणी नवी नाही. संस्कृत कोणी शिकायची आणि कोणी नाही, हे ठरवणाऱ्यांनीच आता इंग्रजीचे ठरवायचे का? बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिली नाही, फारसी घ्यावी लागली, हे आम्ही विसरलेलो नाही.

सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगितले. त्याच सावित्रीमाई कविता मराठीत लिहीत होत्या. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' मराठीत काढला आणि १९३६ मध्ये जातिसंस्थेच्या निर्मूलनाचे भाषण इंग्रजीत छापले. एक आपल्या माणसांना जागे करण्यासाठी, दुसरे ज्यांना जाब विचारायचा त्यांच्यासमोर आणि जगासमोर ठेवण्यासाठी. दोन भाषांचा झगडा त्यांच्या घरात नव्हता.

पैशाचाही हिशेब करू. चिनी विद्यार्थ्याला चौथ्या श्रेणीची लेखी परीक्षा साधारण ३० युआनमध्ये, म्हणजे आपल्या चारशे रुपयांच्या आत, स्वतःच्याच महाविद्यालयात देता येते. आपल्याकडे परदेशी शिष्यवृत्तीसाठी धडपडणाऱ्या बौद्ध तरुणाला आयईएलटीएस द्यायची तर पंधरा हजारांहून जास्त शुल्क भरावे लागते. ते बुडाले तर पुन्हा तेवढेच. आई धुणीभांडी करते, बाप बिगारी काम करतो, त्या घरातून हे पैसे दुसऱ्यांदा निघत नाहीत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या ७५ जागांसाठी भांडणाऱ्या आमच्या संघटनांनी परीक्षाशुल्काची ही गोष्ट आजवर पुरेशा जोराने मांडलेली नाही. जागा मिळते तिच्या वर्षभर आधी मुलगा इथेच गळतो. सरकारने हे शुल्क परीक्षेच्या आधी द्यावे, प्रवेश मिळाल्यावर परतावा म्हणून नव्हे. आणि राज्याच्या विद्यापीठांनी पदवीच्या मुलांसाठी ऐकणे-बोलणे-लिहिणे तपासणारी स्वस्त परीक्षा स्वतः घ्यावी. निवडणुकीच्या जाहीरनाम्यांत स्मारकांच्या उंचीसोबत ही मागणी लिहून मागा.

तोवर थांबायचे नाही. प्रत्येक विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी अभ्यासगट सहज चालू शकतो. चिनी परीक्षेतला भाषांतराचा प्रश्न आम्हाला विशेष आवडतो. २०१३ च्या अखेरीपासून तिथे चिनीतला दीड-एकशे अक्षरांचा उतारा इंग्रजीत करायचा असतो, आणि विषय चीनचा इतिहास, संस्कृती, समाज यांतले. म्हणजे मुलाला परक्या भाषेत स्वतःची गोष्ट सांगायला लावतात. आम्ही आमच्या गटात हाच प्रश्न उचलला. पहिला उतारा चवदार तळ्यावर होता. "सत्याग्रह" तसाच ठेवायचा की त्याचे भाषांतर करायचे, यावर अर्धा तास भांडण झाले, आणि कधीही न बोलणाऱ्या दोन मुली त्या भांडणात सगळ्यात पुढे होत्या. पुढचा उतारा १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरवर आहे. दहा वाक्ये, तीस मिनिटे, शब्दकोश मिटलेला. ज्यांना आपल्या गावात असा गट सुरू करायचा आहे त्यांनी आधी पाच मुले जमवावीत, उतारे आम्ही देऊ.