कॉन्टेसाचा पंप भंगारात टाकू नका राजेहो!

परवा यवतमाळात मित्राच्या वडिलांची कॉन्टेसा एका गॅरेजवर उभी होती. पॉवर स्टेअरिंगच्या पंपातून ऑइल गळत होतं. तिथला पोरगा म्हणाला, "काका, हा पंप आता भेटत नाही. पट्टा काढून टाकतो, गाडी चालते तशीच."

चालते, पण कशी? हे स्टेअरिंग पंपाच्या भरवशावर बनवलेलं असतं. पंप बंद झाला की साध्या स्टेअरिंगपेक्षाही जड पडतं. आर्णी रोडवर म्हैस आडवी आली म्हणजे समजते!

बहुतेक वेळा पंप मेलेला नसतोच, शाफ्टचं सील कडक झालेलं असतं. बेअरिंगच्या दुकानात जुनं सील दाखवलं तर मापाचं भेटून जाते. पण पंप नीट काढावा लागतो. पट्टा ताणात आहे तोवरच पुलीचे बोल्ट सैल करायचे. ऑइल डब्यात काढायचं (नालीत नाही, भाऊ!). पाइपांची तोंडं लगेच बांधायची, आपल्याकडची धूळ आत गेली की पंप घासलाच. पुली दाबून बसवलेली असेल तर पुलर लावायचा, हातोडी नाही. परत बसवल्यावर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, हवा निघते. एका दुपारचं काम आहे.

आता सरकारचं पाहा. जुलै 2021 मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. गाडी 50 वर्षांवरची आणि मूळ रूपातली पाहिजे. कॉन्टेसा आली 1984 मध्ये. म्हणजे पहिली गाडीसुद्धा 2034 पर्यंत व्हिंटेज नाही, नुसती 'जुनी'. फेरनोंदणीची फी 600 होती, एप्रिल 2022 पासून 5,000 झाली, आणि 20 वर्षांवरच्या कारला ऑगस्ट 2025 पासून 10,000. कॉन्टेसा 2002 मध्ये बंद पडली, म्हणजे सगळ्याच त्यात आल्या. धूर ओकणाऱ्या गाडीकडून घ्या ना, कोण नाही म्हणते? पण फी वय पाहून ठरते, गाडी कशी राखली ते पाहून नाही. मग मालक म्हणतो, कशाला सील बदलू, काढ पट्टा.

आणि आयटीआयच्या पोरांना असा एक पंप खोलून, सील बदलून परत बसवायला लावा की! भंगारात किलोवर भेटतात.

मित्राचा पंप सध्या माझ्याकडे पिशवीत आहे. दारव्हा, दिग्रस, वणी, कुठंही हे काम हातानं करणारा जुना मिस्त्री असेल तर सांगा. येतो घेऊन.