सणाच्या पंगतीतील त्यांची जागा

धर्मग्रामाचा सण जवळ आला म्हणजे घरे रंगविली जातात, आप्तेष्टांस निरोप धाडले जातात, चुलीवर मोठी भांडी चढतात. आणि एखाद्या घरी त्याच दिवशी आतल्या खोलीचे दार हलकेच लोटून घेतले जाते. त्या दाराआड बुद्धीची वाढ खुंटलेला मुलगा अथवा मुलगी असते. आईबाप निष्ठुर असतात म्हणून असे घडते, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. मिस्साच्या वेळी लेकरू ओरडेल, पंगतीत भात सांडील आणि लोक माना वळवून पाहतील, या धास्तीने ते घडते. माना वळविणारे लोक म्हणजे अर्थातच तुम्ही-आम्ही.

फ्रान्समधील एका दांपत्याची कथा वाचकांनी ऐकण्यासारखी आहे. त्यांच्या दोन्ही मुलांस तीव्र स्वरूपाचे बौद्धिक अपंगत्व होते. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या धर्मप्रांताच्या लूर्द यात्रेत सामील होण्याची इच्छा दर्शविली. मुलांना काही कळणार नाही आणि इतर यात्रेकरूंस मात्र त्रास होईल, असे उत्तर त्यांस मिळाले. ते एकटेच निघाले. लूर्दला एका हॉटेलाने त्यांना ठेवून घेतले खरे, पण जेवण खोलीतच घ्यावे या अटीवर. आजाऱ्यांचे तीर्थ म्हणून जगभर ख्याती पावलेल्या गावी ही तऱ्हा!

हे दुःख मारी-एलेन मात्यू आणि जाँ व्हानिए यांच्या कानी गेले, आणि अशा कुटुंबांसाठीच एक यात्रा काढण्याचे ठरले. तिची तयारी सुमारे तीन वर्षे चालली होती, आणि या गोष्टीचे आम्हांस विशेष वाटते. गावोगावी लहान लहान गट झाले. प्रत्येक गटात अपंग व्यक्ती, त्यांचे आईबाप व तरुण मित्र असत, आणि लूर्दला पोहोचण्याच्या कितीतरी आधी ते एकमेकांस नावाने ओळखू लागले होते. १९७१ च्या पुनरुत्थान सणास पंधरा देशांतील सुमारे १२,००० यात्रेकरू जमले. त्यांपैकी सुमारे ४,००० जण बौद्धिक अपंगत्व असलेले होते. यात्रेनंतर गट मोडावयाचे होते, पण घरी परतल्यावर कुटुंबांना ते मोडवेनात. त्यांतूनच ‘श्रद्धा आणि प्रकाश’ ही चळवळ उभी राहिली. आज ती अनेक देशांत पसरली आहे, आणि तिचे सभासद महिन्यातून एकदा भेटतात, सुखदुःख बोलतात, प्रार्थना करतात, गातात आणि एकत्र जेवतात.

व्हानिए यांचे नाव घेतले, तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘लार्श’ या संस्थेनेच, त्यांच्या निधनानंतर २०२० साली, एक चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी अनेक स्त्रियांचे शोषण केल्याचे त्यातून उघड झाले. संस्थेने ते झाकून ठेवले नाही, हे योग्यच केले. त्या घरांतून आजही नांदणारी माणसे मात्र आपल्या जागी खरी आहेत. भारतात अशा घरांना ‘आशा निकेतन’ म्हणतात. पहिले १९७० साली बंगळूरला निघाले. वाढदिवस हा तेथील मोठा सण. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्याविषयी इतर जण पाळीपाळीने सांगतात की, त्याच्यातील कोणती गोष्ट त्यांना आवडते. ज्याला आयुष्यभर केवळ आपल्या उणिवाच ऐकाव्या लागल्या, त्याच्यासाठी ही मेजवानी केकहून मोठी!

आता आपल्याकडील रीत पाहू. ३ डिसेंबर हा संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली ठरविलेला अपंगांचा दिवस. त्या दिवशी संस्थेत प्रमुख पाहुणे येतात, मुले उन्हात रांगेने बसविली जातात, भाषणे लांबतात, फळे वाटली जातात, छायाचित्र निघते आणि पाहुणे भोजनास दुसरीकडे जातात. दानास आमचा विरोध नाही. परंतु ज्यांच्या नावाने हा दिवस, त्यांच्या ताटाशेजारी बसून कोणी जेवले काय? लूकच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायात येशूने पंगडे, लंगडे आणि आंधळे यांना मेजवानीसच बोलावण्यास सांगितले आहे. फळे पोहोचती करून परत जाण्यास नव्हे.

निराळी वाट आपल्या शेजारीच निघाली आहे. पणजी येथे जानेवारी २०२३ मध्ये ‘पर्पल फेस्ट’ हा उत्सव भरला. त्यात अपंग व्यक्ती स्वतः मंचावर गायल्या, नाचल्या, बोलल्या. २०१६ च्या कायद्यानेही सांस्कृतिक जीवनात व करमणुकीत त्यांचा बरोबरीचा हक्क मान्य केला आहे.

पण आमच्या खेड्यांतील फेस्ताला पणजीचा मंच नको. सण समितीने महिनाभर आधी अशा घरी जावे आणि आईलाच विचारावे: याला काय आवडते, कशाची भीती वाटते? एखाद्याला फटाके आणि बँडबाजा सहन होत नाही; त्याच्यासाठी मांडवाच्या कडेला शांत जागा ठेवता येते. चाकाच्या खुर्चीसाठी पायऱ्यांवर फळी टाकण्यास फार खर्च येत नाही. मिरवणुकीत मेणबत्ती धरण्यास, फुले उधळण्यास, पंगतीत पाण्याचे पेले मांडण्यास पुष्कळ जण येतात. त्यांना कोणी सांगत नाही एवढेच. लग्नाच्या आमंत्रणावर आपण ‘सहकुटुंब’ छापतो. देताना त्या मुलाचेही नाव घ्यावे. आणि जेवणाच्या वेळी त्याच्याशेजारी दुसऱ्या कोणी बसावे, म्हणजे त्याच्या आईला त्या दिवशी तरी आपले ताट गरम असताना जेवता येईल.