डिझेल इंजिनास गोबर गॅसची जोड

निरेच्या डाव्या कालव्याचें पाणी बारामती व इंदापूर तालुक्यांस शतकाहून अधिक काळ मिळत आहे. १९८० सालीं उजनी धरण पुरें झाल्यावर इंदापुरास भीमेचा फुगवटाहि लाभला. पाण्यामागून ऊस आला, उसामागून पंप व ट्रॅक्टर आले. आज पंपाचें पुष्कळ काम विजेच्या मोटारी करितात. तथापि ऐन पाळीस वीज नसली म्हणजे डिझेलचें इंजिनच ओढावें लागतें, आणि त्याचा काळा धूर व त्याचें बिल हीं दोन्ही बागाइतदाराच्याच वांट्यास येतात.

या खर्चाचा बराच भाग गोठ्यांतून भागवितां येईल, असें आमचें मत आहे. कल्पना नवी नव्हे. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांत १८९७ सालींच मैल्यापासून गॅस काढीत असत.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. दाबानें तापलेल्या हवेंत डिझेल आपोआप पेट घेतें. गोबर गॅस तेवढ्या उष्णतेनें पेटत नाहीं. म्हणून तो हवेच्या नळींतून आंत सोडावयाचा आणि नोझलमधून येणाऱ्या थोड्या डिझेलच्या ज्योतीनें पेटवावयाचा. इंजिन डिझेलवरच सुरू करावें. गॅसची चावी हळूहळू उघडली कीं गव्हर्नर आपण होऊन डिझेल आंखडतो. गॅस संपला तरी इंजिन थांबत नाहीं. पुऱ्या भारावर डिझेलची बचत सुमारें तीनचतुर्थांशापर्यंत जाते.

आतां हिशेब पाहूं. पांच अश्वशक्तीचें इंजिन चार तास चालविण्यास अदमासें ९ घनमीटर गॅस लागतो, आणि एका घनमीटरास सुमारें २५ किलो शेण. म्हणजे रोज सव्वादोनशें किलो! एका बैलजोडीच्या धन्यानें या नादास लागूं नये. पंधरावीस संकरित गाईंचा गोठा असावा, नाहीं तर भाऊबंदांनीं एकत्र यावें. अर्थात् यांतील दुसरी गोष्ट पहिलीहून कठीण, हें आम्ही जाणतों.

धूर खचित कमी होतो. परंतु हलक्या भारावर कांहीं गॅस न जळतांच बाहेर पडतो व विषारी कार्बन मोनॉक्साइडहि वाढतो. तो न जळलेला मिथेन वातावरण तापविण्यांत कार्बन डायॉक्साइडहून कितीतरी पट प्रबळ आहे. सबब मोठ्या इंजिनावर लहान पंप लावून गॅस सोडणें हें स्वच्छतेचें सोंग होय. शिवाय गॅसमध्यें गंधकाचा अंश असतो. तो गंजलेल्या लोखंडाच्या किसांतून गाळून घेतला नाहीं तर बेअरिंगें खातो व वंगण लवकर नासवितो.

निरेपलीकडे फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें १९९० नंतरच्या दशकांत उसाच्या पाचटापासून गॅस काढण्याचे प्रयोग केले. ते मोलाचे आहेत. तरी त्या गॅसमधील डांबर इंजिनापूर्वीं काढावें लागतें, आणि पाचट खोडव्याच्या सरींत कुजविणें आम्हांस अधिक लाभाचें वाटतें. शेणाचें तसें नाहीं. गॅस घेतल्यावरहि रबडींतील नत्र शेतास मिळतोच.

साखर कारखान्यांनीं व दूध संस्थांनीं हें जोडकाम जाणणारा एक फिटर गांवोगांव फिरता ठेवावा. तोंवर बागाइतदारांनीं आपल्या गोठ्यांतील शेण आठ दिवस वजन करून पाहावें, आणि इंजिन किती तास चालतें तें त्याच वहींत मांडावें.