पाली शिकून काय करणार?

परवा संध्याकाळी बागेत आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ शेजारी येऊन बसले. "सर, आता तुम्हीच त्याला समजवा." त्यांचा मुलगा चाकणला एका कंपनीत आहे, डिप्लोमावाला. शिफ्ट सांभाळून बाहेरून बी.ए. केलं आणि आता म्हणतो, पुणे विद्यापीठातून पालीत एम.ए. करायचंय. "एम.बी.ए. केलं तर बढती तरी मिळेल. पाली शिकून काय करणार?"

मी लगेच काही बोललो नाही. कारण हाच प्रश्न मीही एकदा विचारला होता. तीसेक वर्षांपूर्वी एका हुशार मुलीला संस्कृत घेऊन बी.ए. करायचं होतं. मी तिला समजावून कॉमर्सला पाठवलं. बँकेत लागली, छान चाललंय तिचं. पण भेटली की अजून म्हणते, "सर, ते राहूनच गेलं." हसत म्हणते, तरी मला बोचतं.

तिकडे ऑक्सफर्डला लॅटिन-ग्रीकची पदवी चार वर्षांची असते. ती घेऊन बोरिस जॉन्सन पंतप्रधानसुद्धा झाले! आपल्याकडे मात्र प्राचीन भाषा म्हटलं की पोट कसं भरणार, इथूनच सुरुवात.

धर्मानंद कोसंबींनी हा हिशेब उलटा केला. १८९९ मध्ये गोव्यातलं घर सोडून ते संस्कृतसाठी पुण्याला आले. मग काशी, नेपाळ करत १९०२ साली सिलोनला पोहोचले आणि तिथे पाली शिकले. पुढे कलकत्त्याचे अडीचशे रुपये सोडून त्यांनी सयाजीराव महाराजांचे महिना पन्नास रुपये पत्करले. का, तर महाराष्ट्रात राहून काम करता यावं. १९१२ ते १९१८ ते फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत होते. त्यांचं 'भगवान बुद्ध' आज कोणीही मराठीत वाचू शकतो, ते या खटाटोपामुळे.

आणि बाबासाहेब? शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. त्याच माणसाने पुढे पालीचा शब्दकोश तयार केला. आपल्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. कोणती भाषा कोणी शिकायची, हे दुसऱ्याने ठरवलं की काय होतं, हे यातून कळावं.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले. पण ते जुनं वाचणार कोण? मी कितीतरी सहली कार्ल्याला नेल्या. चैत्यगृहातल्या ब्राह्मी अक्षरांपुढे मुलं विचारायची, "सर, काय लिहिलंय?" आणि मी म्हणायचो, "चला, उशीर होतोय." ते लेख प्राकृतात आहेत, पालीच्या सख्ख्या बहिणीत.

नोकऱ्या थोड्या आहेत, हे मी त्या गृहस्थांना स्पष्ट सांगितलं. चाकणची नोकरी त्याने सोडू नये, हेही. पण मुलाला अडवू नका म्हटलं. ते गप्पच उठून गेले. पटलं की नाही, कोण जाणे.

असो. एकदा चूक केली, दुसऱ्यांदा करायची नाही एवढं ठरवलंय. जमलं तर त्याच्याबरोबर मळवलीपर्यंत लोकलने जाईन म्हणतो. या वेळी प्रश्न मी विचारेन.