कुलूपबंद घर आणि गर्भस्थ वारस

मोरजीच्या तेमवाड्यावर थंडीच्या दिवसांत समुद्रातून कासवी येतात, रात्रीच्या काळोखात वाळू उकरून अंडी घालतात आणि आल्या पावली परत फिरतात. सकाळी वनखात्याची माणसे त्या अंड्यांभोवती कुंपण घालतात व पहारा ठेवतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या मुक्या जिवाच्या संततीला अभय दिले आहे, आणि ते योग्यच झाले. परंतु त्याच वाळूपासून हाकेच्या अंतरावर, त्याच गावच्या एका सुनेला आपल्या पहिल्या बाळंतपणासाठी दोन खोल्यांचा आडोसा मिळू नये, आणि तो न मिळण्याचे कारण परका कोणी नसून तिचेच सासरचे सगेसोयरे असावेत, याला काय म्हणावे? आज आम्हांस लिहावयाचे आहे ते याविषयी. हे लेखन काहींना बोचेल. ते बोचावे अशीच आमची इच्छा आहे.

गोष्ट अशी. दोन वर्षांमागे श्रावणात एक तरुण जोडपे आमच्याकडे सल्ल्यासाठी आले. तो तुयें येथील औद्योगिक वसाहतीत कामाला. ती एका दुकानात हिशेब लिहीत असे. तिला सहावा महिना होता. मोरजीत ती दोघे भाड्याच्या खोलीत राहत. घरमालकाने निरोप दिला होता की, चवथ झाली की खोली मोकळी करा. ऑक्टोबरपासून पर्यटकांचा हंगाम, तेव्हा महिन्याचे भाडे आठवड्यात मिळते. बाळंतपण कार्तिकात. म्हणजे ऐन आठव्या महिन्यात बिऱ्हाड पाठीवर घेण्याची पाळी. त्यांना विचारावयाचे होते ते एवढेच की, लहानसा फ्लॅट विकत घ्यावयाचा तर कर्जाचे कागद कसे करावेत.

आम्ही हिशेब मांडला. समजा, फ्लॅटची किंमत चाळीस लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांवरील आणि पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ शकत नाही. म्हणजे कर्ज ३२ लाख आणि पदरचे ८ लाख. मुद्रांक व नोंदणी यांचा खर्च त्याहून वेगळा, कारण तो घराच्या किमतीत धरला जात नाही. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता होतो सुमारे २७,७७० रुपये आणि अखेरीस बँकेच्या पदरात पडतात साडेसहासष्ट लाखांहून अधिक. नवऱ्याचा पगार चोवीस हजार. बायकोचे उत्पन्न बाळंतपणाबरोबर थांबणार. जेथे हप्ताच पगाराहून मोठा, तेथे बाळाच्या दुधाचा, औषधाचा, झबल्या-टोपड्याचा हिशेब कोणत्या रकान्यात लिहावा? आम्ही कागद मिटला आणि सहज विचारले, "तुमचे मूळ घर कुठे?" तो तरुण ओशाळवाणे हसला व म्हणाला, "वकीलबाब, घर आसा, पूण दार उगडपी कोण ना."

त्याचे आजोळ नव्हे, प्रत्यक्ष आजोबांचे घर मोरजीतच आहे. मोठी वसरी, राजांगण, देवखोली, मागे विहीर, पुढे तुळस. आजोबांना सात मुले. या तरुणाचे वडील त्यांतले पाचवे. नोकरीसाठी म्हापशास बिऱ्हाड केले आणि तेथेच वारले. बाकीचे कोणी मुंबईस, कोणी पुण्यास, कोणी पणजीस. घराची किल्ली मुंबईच्या वडील काकांकडे. वर्षातून एकदा, चवथीला, दार उघडते. माटोळी बांधली जाते, पाच दिवस आरत्या होतात, आणि सहाव्या दिवशी पुन्हा कुलूप. उरलेले तीनशे साठ दिवस त्या वास्तूत वाळवी राहते. माणूस राहत नाही.

आम्ही सर्व हिस्सेदारांना पत्रे लिहिली. गोव्यात विवाहाबरोबर सर्वसाधारणतः पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते. म्हणून सात भावंडांच्या पाठीशी सात जोडीदार, आणि जे वारले त्यांच्या जागी त्यांचे वारस. आमची मागणी विक्रीची नव्हती, वाटणीचीही नव्हती. एवढेच म्हटले होते की, या पुतण्याला मागील दोन खोल्या तीन वर्षांपुरत्या वापरू द्याव्यात. तो गळके छप्पर स्वखर्चाने शाकारील, घरपट्टी भरील, आणि या राहण्यामुळे त्याचा हिस्सा तसूभरही वाढणार नाही असे लिहून देईल. चौघांची उत्तरे होकाराची आली. काहींचे उत्तरच आले नाही. एकाने लिहिले की, एकदा आत शिरलेला माणूस बाहेर निघत नसतो. आणि एका सुशिक्षित गृहस्थाने मनातले स्वच्छ सांगून टाकले: मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून भाव चढत आहेत, हॉटेलासाठी दिल्लीकडचे गिऱ्हाईक येईल, तोवर घर रिकामे असणेच हिताचे.

या शेवटच्या उत्तराबद्दल आम्ही त्या गृहस्थांचे आभारी आहो. "वडिलोपार्जित वास्तूचे पावित्र्य" या भरजरी शालीखाली काय झाकलेले असते, ते त्यांनी एका ओळीत उघडे केले.

आता कोणी म्हणेल, ही एका कुटुंबाची कथा झाली. २०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे सव्वा लाख घरे रिकामी आढळली. एकूण घरांच्या पाचांत एकाहून थोडी अधिकच. त्यांतली सारी वडिलोपार्जित नव्हेत हे आम्हांस ठाऊक आहे. परगावच्या धनिकांनी गुंतवणुकीसाठी घेतलेले फ्लॅटही त्यांत आहेत. तथापि पेडण्यात, डिचोलीत कोणत्याही वाड्यावर संध्याकाळी फेरी मारावी आणि ज्या घरांत दिवा नाही ती मोजावीत. मग मोजणाऱ्याने आपलेही घर त्यांत आहे काय ते पाहावे.

आपल्या सभांतून एक तक्रार नित्य ऐकू येते: बाहेरच्यांनी किनारा विकत घेतला, आमच्या मुलांना गावात जागा उरली नाही. तक्रार खोटी नाही. २००२ साली शिवोली-चोपडे पूल झाला आणि तरीची वाट पाहणारे मोरजी एकाएकी जगाच्या दारात आले. २०२३ च्या जानेवारीत मोपाहून विमाने उडू लागली आणि उरलेली कसर भरून निघाली. परंतु विकत घेणाऱ्याला विकणारा लागतो. त्या खरेदीखतांवर विक्रेता म्हणून सह्या कोणाच्या आहेत? आम्ही वकिलीत अशी खते पुष्कळ वाचली आहेत. त्यांवरची आडनावे आपल्या देवळांच्या महाजनांच्या यादीत जशीच्या तशी सापडतात. पुतण्याला दोन खोल्या देताना ज्यांना पूर्वजांचे स्मरण होते, त्यांना परक्याच्या धनादेशापुढे ते कसे होत नाही, हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही.

दुसरा आक्षेप भीतीचा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकारांच्या मनात जी धास्ती बसवली ती पन्नास वर्षे झाली तरी ओसरलेली नाही. "जागा दिली की गेली," हे वाक्य घराघरांत मंत्रासारखे म्हटले जाते. वस्तुतः तो कायदा अंमलात आला त्या दिवशी भाटकाराच्या संमतीने जे त्याच्या जमिनीवर घर करून राहत होते, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तो आहे. पिढ्यान्‌पिढ्या माडांची राखण करून ज्यांच्या डोक्यावर हक्काचे छप्पर नव्हते, त्यांना त्याने न्याय दिला. आज लेखी करार करून राहावयास येणारा तुमचा पुतण्या मुंडकार होत नाही. तो तर सहमालकच आहे! ज्याचा हिस्सा त्या घरात आहे त्याला "आत शिरणारा" म्हणणे ही भीती नव्हे, मुजोरी आहे.

तिसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा, उपदेशाच्या सुरातला: आधी घर करावे, मग मुलाचा विचार करावा. ही शिकवण देणाऱ्यांना आम्ही नम्रपणे विचारतो, आपला जन्म कोणाच्या घरात झाला? आपल्या वडिलांनी आधी भूखंड घेतला आणि मग लग्न केले, असे झाले काय? आपल्या आईची बाळंतिणीची खोली सासऱ्याच्या घरात होती. तिच्यासाठी कोणी करारनामा मागितला नव्हता. स्वतः फुकट मिळालेल्या आसऱ्यावर वाढावे आणि पुढच्या पिढीला बाजारभाव सांगावा, हा संस्कार कोणत्या धर्मग्रंथात लिहिला आहे?

धर्मग्रंथांचे नाव निघालेच आहे, तर आपल्या शास्त्राची बाजूही ऐकावी. बाराव्या शतकाच्या सुमारास याज्ञवल्क्य स्मृतीवर टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत सांगितले आहे की, वाटणीच्या वेळी घरातील स्त्री गर्भवती आहे हे स्पष्ट असेल, तर तिच्या प्रसूतीपर्यंत थांबावे आणि मग वाटणी करावी. गोव्याच्या वारसा कायद्याची परंपरा पोर्तुगीज. तरीही तिनेदेखील गर्भस्थ शिशूची वारस होण्याची पात्रता मानली आहे. म्हणजे डोळे न उघडलेल्या जिवासाठी दोन्ही परंपरा क्षणभर थांबतात आणि त्याची जागा राखतात. आपण मात्र देवखोलीत नंदादीपासाठी पुजाऱ्याला पैसे पाठवतो, आणि ज्याच्यामुळे त्या घरात उद्याचा दिवा लागावयाचा, त्याच्या आईला दाराबाहेर उभी करतो.

कायद्याने दाराची कडी बाहेरून घातलेली नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गोव्यात कोणत्याही वारसाला इन्व्हेंतार मागता येते. त्यात वारसांची नोंद होते, मालमत्तेची यादी होते, आणि आपसांत बोली लावून एखाद्याला घर घेताही येते. अविभाज्य मालमत्तेतला हिस्सा परक्याला विकण्याआधी सहमालकाला तो घेण्याची संधी द्यावी, हे तत्त्व येथील दिवाणी कायद्यात पूर्वीपासून आहे. कायद्याने रक्ताच्या माणसाला अग्रहक्क दिला आहे. पण इन्व्हेंतारला वर्षे लागतात आणि गर्भाला नऊच महिने मिळतात. एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचेच नाव ठेवून तीन पिढ्या निवांत झोपल्या, तर चौथ्या पिढीच्या बाळंतपणाआधी कोर्ट काय करणार?

त्या जोडप्याचे पुढे काय झाले, ते वाचकांस सांगणे आमचे कर्तव्य आहे. घाईने मोरजीजवळ एका अपुऱ्या इमारतीत पैसे गुंतवण्याचा त्यांचा विचार होता. करार नोंदण्याआधीच विकासक किमतीच्या निम्मी रक्कम मागत होता. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत कराराशिवाय दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. आम्ही त्यांना त्यातून परतवले. दिवस भरत आले की माणूस कागद वाचत नाही आणि नेमके तेव्हाच फसतो. अखेर त्यांनी सरहद्दीपलीकडे बांद्याला, मोरजीच्या मानाने पुष्कळ स्वस्त अशी एक जुनी जागा घेतली. कार्तिकात मुलगी झाली. बाप आता रोज पत्रादेवीचा नाका ओलांडून कामावर येतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच पत्रादेवीला सत्याग्रहींनी गोव्यात पाऊल टाकण्यासाठी छातीवर गोळ्या झेलल्या. आज गोव्याचा मुलगा, कोणी गोळी न झाडता, मुकाट्याने उलट दिशेला निघून जात आहे.

पुढच्या चवथीला ती तिघे मोरजीला आली. घर उघडले होते. मुलगी वसरीवर रांगली, माटोळीकडे हात करून हसली; सर्वांनी तिचे कौतुक केले, कोणी चांदीचे वाळे दिले. सहाव्या दिवशी काकांनी कुलूप लावले, ओढून पाहिले आणि किल्ली खिशात घातली. आईच्या कडेवरून ती मुलगी त्या बंद दाराकडे बघत होती, असे तिच्या बापाने आम्हांस सांगितले. त्यावर आम्हांस काही बोलता आले नाही.

केवळ दोष देऊन आम्ही थांबणार नाही. देवस्थानाच्या निधीला आमच्या सूचनेने हात लागू नये. १९३३ च्या नियमावलीप्रमाणे त्याचा जमाखर्च प्रशासकाच्या देखरेखीखाली चालतो आणि तो तसाच चालावा. परंतु महाजनांच्या वार्षिक सभेला कोणी बांधलेले नाही. त्या सभेने गावातील महाजनांच्या बंद घरांची यादी करावी: किल्ली कोणाकडे, हिस्सेदार किती, राहण्याची गरज कोणाला. ज्या कुटुंबात मूल येणार आहे त्याची गरज पहिली मानावी. दोन वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी करावी. करारनामा लिहून देण्याचे काम आम्ही विनामूल्य करू, आणि आमचे व्यवसायबंधूही मागे राहणार नाहीत अशी आमची खात्री आहे. जेथे वाटणी व्हावयाची आहे तेथे ती आजच सुरू करावी. आणि जो राहणार असेल त्याला घर आधी द्यावे, इतरांच्या हिश्शाची रक्कम हप्त्यांनी घ्यावी. बँकेला वीस वर्षे सव्याज हप्ते देणारा पुतण्या काकाला दहा वर्षे बिनव्याजी हप्ते का देऊ शकणार नाही?

मोरजाई ही सात बहिणींतली एक, असे आपली परंपरा सांगते. ही भावंडे मयेला आली आणि तेथून वेगळी झाली. महामाया तेथेच राहिली, लईराई शिरगावला गेली, केळबाई मुळगावला, मोरजाई मोरजीला, आणि भाऊ खेतोबा वायंगिणीला. भावंडे वेगळी झाली, पण प्रत्येकाला ठाव मिळाला. कोणी कोणाच्या दाराला कुलूप लावून किल्ली परगावी नेली, असे कोणत्याही कथेत सांगितलेले नाही. त्या देवीचे महाजन म्हणवून घेणाऱ्यांनी येत्या चवथीला दार उघडताना हे आठवावे, आणि सहाव्या दिवशी कुलूप हातात घेण्यापूर्वी घरात कोणाला ठेवून जाता येईल, एवढे एकमेकांना विचारावे.